सरासरी मुलाचं उत्तर समोर बसलेल्या आईला कसं देऊ? व्यक्तिमत्त्व, किशोरवय आणि कुटुंब यांवर संशोधन करणाऱ्यांना खुलं पत्र

सर्व संशोधक मानसशास्त्रज्ञांना,

सप्रेम नमस्कार.

मी शाळेत समुपदेशक आहे. अकरा ते सतरा वयाची मुलं आणि त्यांचे आईबाबा, कधी आजीआजोबा, कधी मोठी बहीण, असे सगळे माझ्याकडे येऊन बसतात आणि बोलतात. त्यांच्याशी बोलताना माझ्या हातात जे काही आहे त्यातलं बरंचसं तुमच्या रिसर्चमधून आलेलं आहे, त्यामुळे हे पत्र तक्रारीचं आहे असं समजू नका. तुमच्या कामाची गरज मला रोज पडते आणि म्हणूनच लिहितेय. जे काम कुणाच्या उपयोगाचं नसतं त्यावर कोण कशाला एवढं मोठं पत्र लिहील.

माझ्याकडे येणारे पालक फिरून फिरून चारच प्रश्न विचारतात. हा असा का वागतोय, हा असाच राहणार का, हे माझ्यामुळे झालंय का, आणि आता मी काय करू. चारही प्रश्न एकाच मुलाबद्दल असतात, त्यांच्या घरातल्या, नाव असलेल्या मुलाबद्दल. आणि तुमच्या पेपरमध्ये जे उत्तर असतं ते शेकडो हजारो मुलांना एकमेकांशेजारी ठेवून काढलेलं असतं. या दोन गोष्टींच्या मधली जी दरी आहे ना, ती भरायचं काम आज पेपरच्या शेवटच्या परिच्छेदावर, बातमीच्या मथळ्यावर नाहीतर माझ्यासारख्या माणसावर सोडलंय. माझं म्हणणं एवढंच आहे की हे काम तुमचंही आहे, आणि ते अभ्यास आखतानाच करायला हवं.

तुमच्यापैकी अनेकांना हे माहीत आहे, मी काही नवीन शोध लावत नाहीये. पीटर मोलेनार यांनी २००४ मध्ये अगदी जाहीरनामा म्हणूनच लेख लिहिला होता, की माणसामाणसांमधल्या फरकावरून एका माणसाच्या आत काय घडतं ते आपोआप कळत नाही, त्यासाठी त्याच माणसाला पुन्हा पुन्हा मोजावं लागतं. एलेन हमाकर टायपिंगचं उदाहरण देतात आणि मी ते पालकांना कितीतरी वेळा सांगितलंय कारण ते लगेच समजतं. शंभर माणसं घेतली तर जी भरभर टाइप करतात त्यांच्या चुका कमी होतात, कारण त्यांना सराव असतो. पण म्हणून तुम्ही आज नेहमीपेक्षा भरभर टाइप केलंत तर तुमच्या चुका कमी होतील का? वाढतील. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि पहिलीवरून दुसरीचा सल्ला दिला तर तो उलटा पडतो.

आता हेच घरात आणा. ज्या घरांत जास्त भांडणं होतात तिथली मुलं जास्त उदास असतात, हे खूप अभ्यासांत दिसतं, ठीक आहे. पण समोरच्या आईला हे जाणून घ्यायचं असतं की ज्या आठवड्यात आमच्याकडे वाद होतो त्यानंतर माझी मुलगी खचते का, की ती आधीच खचलेली असते म्हणून वाद होतो, की दोन्हीचा संबंधच नाही आणि तिची झोप हे खरं कारण आहे. याचं उत्तर घराघरांची तुलना करून मिळणार नाही. त्यासाठी एकेका घराला वेळेच्या ओघात बघावं लागेल. २०१५ मध्ये हमाकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की वर्षानुवर्षं जी आकडेमोडीची पद्धत 'कशामुळे काय होतं' हे सांगण्यासाठी वापरली जात होती, ती या दोन गोष्टींची सरमिसळ करते. म्हणजे तोपर्यंत पालकांना जे 'अमुक केलं की तमुक होतं' म्हणून सांगितलं गेलं त्यातलं किती टिकेल? हा प्रश्न तुम्ही एकमेकांना जर्नलमध्ये विचारलात. पालकांपर्यंत मात्र तो आलाच नाही, त्यांच्याकडे फक्त जुना सल्ला पोचला आणि तो अजून फिरतोय.

मोबाईलचं बघा. २०१९ मध्ये एमी ऑर्बेन आणि अँड्र्यू प्शिबिल्स्की यांनी मोठमोठे डेटासेट घेऊन दाखवलं की किशोरवयीन मुलांच्या स्वास्थ्यात जो फरक दिसतो त्यातला फार तर ०.४ टक्के डिजिटल साधनांच्या वापराशी जोडता येतो. त्यावरून अर्ध्या पालकांनी ऐकलं की मोबाईलने काही होत नाही, आणि बाकीच्यांनी त्याच काळात दुसरीकडून ऐकलं की मोबाईलनेच सगळी पिढी आजारी पडली. मग २०२० मध्ये नेदरलँड्समधून एक छोटासा अभ्यास आला, फक्त ६३ किशोरवयीन मुलं, पण त्यांना आठवडाभर दिवसातून अनेक वेळा विचारलं की आत्ता कसं वाटतंय आणि मधल्या वेळात सोशल मीडियावर काय केलं. नुसतं बघत स्क्रोल केल्यानंतर ४६ टक्के मुलांना जरा बरं वाटत होतं, ४४ टक्क्यांना काही फरक पडत नव्हता आणि १० टक्क्यांना वाईट वाटत होतं. अभ्यास लहान आहे, मान्य, त्याचे आकडे दगडावरची रेघ समजू नयेत. पण त्याने प्रश्नाचा आकार बरोबर पकडला. पालकाला हेच तर हवंय, माझं मूल या तिघांपैकी कुठे बसतं आणि ते मी घरी कसं ओळखू. ०.४ टक्क्यांच्या आत ते १० टक्के दिसेनासे होतात, आणि माझ्याकडे येणारे बरेचदा त्या दहातलेच असतात.

आता मला सगळ्यात जास्त ज्या गोष्टीबद्दल बोलायचंय तिच्याकडे येते, कारण सरासरीपेक्षाही मोठा घोळ इथे आहे आणि त्याची किंमत मुलं मोजतायत.

कितीतरी वर्षं तुमच्या क्षेत्रात असं मानलं जात होतं की ज्या मुलांवर पालकांची नजर असते ती मुलं कमी बिघडतात. आणि ही नजर मोजायचे कशी, तर पालकांना किंवा मुलांना विचारायचे की मुलगा कुठे जातो हे पालकांना माहीत असतं का, कुणाबरोबर असतो, पैसे कशावर खर्च करतो. म्हणजे मोजत होते ती पालकांकडची माहिती, आणि त्यातून निष्कर्ष काढत होते पालकांच्या पहाऱ्याबद्दल. २००० साली हाकन स्टॅटिन आणि मार्गारेट केर यांनी स्वीडनमधल्या १४ वर्षांच्या ७०३ मुलांचा आणि त्यांच्या पालकांचा अभ्यास केला आणि एक अगदी साधा प्रश्न विचारला, की ही माहिती पालकांकडे येते कुठून? मुलगा स्वतःहून सांगतो म्हणून, पालक विचारतात म्हणून, की पालकांनी नियम लावलेत म्हणून? माहितीचा सगळ्यात मोठा झरा निघाला मुलाचं स्वतःहून सांगणं. आणि मुलाचं बरं चाललेलं असण्याशी ज्याचा संबंध सगळ्यात घट्ट होता तोही हाच. पहारा या नावाखाली जे इतकी वर्षं मोजलं जात होतं ते बऱ्याच अंशी मुलाचा विश्वास होतं.

हे वाचलं तेव्हा मी अक्षरशः खुर्चीत सरळ होऊन बसले, कारण याने सल्ल्याची दिशाच बदलते. आधीच्या वाचनाने पालकाला सांगितलं नजर ठेव. या वाचनाने प्रश्न येतो की मुलाने सांगावं असं घर आहे का, त्याने मागच्या वेळी सांगितलं तेव्हा आपण काय केलं, ओरडलो का, दुसऱ्यांसमोर बोललो का, तेच पुढच्या भांडणात त्याच्या तोंडावर फेकलं का. नंतरच्या अभ्यासांत काही ठिकाणी नियमांचा आणि विचारपूस करण्याचाही उपयोग दिसलाय, वाद अजून चालू आहे, हेही मी पालकांना सांगते, कारण नियमच नकोत असं कुणी ऐकून जाऊ नये. पण बघा, पंचवीस वर्षं झाली आणि आजही पालकांसाठीच्या माहितीपत्रकांत 'मुलावर लक्ष ठेवा' हेच पहिलं वाक्य असतं, आणि आता त्याला तंत्रज्ञानाची जोड मिळाली आहे, मुलाचं लोकेशन बघायचं, मेसेज वाचायचे, कोणत्या साइटवर गेला ते बघायचं. माझ्यासमोर बसून एखादा बाप सांगतो की मला तिचं सगळं माहीत असतं, फोनवर दिसतं. आणि मुलगी त्याच्या शेजारी मान खाली घालून बसलेली असते आणि तिने वर्षभरात त्याला मनातलं एक वाक्य सांगितलेलं नसतं. त्या बापाने जी मिळवलीय ती माहिती आहे का हो? तुम्ही जी मोजली होती ती?

स्टॅटिन आणि केर यांचं काम तुमच्या वर्तुळात सगळ्यांना पाठ आहे, हजारो वेळा त्याचा संदर्भ दिला गेलाय. मग ते त्या बापापर्यंत का पोचलं नाही, याचं उत्तर कुणीतरी द्यायला हवं. आणि मला वाटतं कारण असंय की मुळातला निष्कर्ष सल्ला म्हणून बाहेर पाठवायला लोक असतात, पण तो दुरुस्त झाला की ती दुरुस्ती बाहेर पाठवायचं काम कुणाच्याच वाट्याला येत नाही.

'हे माझ्यामुळे झालंय का' हा प्रश्नसुद्धा याच्याच जवळचा. डायना बॉमरिंड यांनी १९६० च्या दशकात पालकत्वाच्या शैली म्हणजे मुलांशी वागायच्या पद्धती मांडल्या, १९८३ मध्ये मॅकोबी आणि मार्टिन यांनी पालक मुलाला किती जवळ घेतात आणि किती शिस्त लावतात यावरून त्याचे चार कप्पे केले, आणि आज कोणताही पालक ऑनलाइन टेस्ट देऊन स्वतःचा कप्पा शोधतो आणि घाबरतो. पण रिचर्ड बेल यांनी १९६८ मध्येच विचारलं होतं की पालकांमुळे मूल घडतं असं जे आपण वाचतोय ते मुलामुळे पालक घडतात असंही वाचता येईल ना? न्यूयॉर्कमध्ये १९५६ पासून थॉमस आणि चेस यांनी मुलांचे स्वभाव बघितले आणि सांगितलं की स्वभाव आणि आजूबाजूच्यांची अपेक्षा यांचा मेळ बसतो की नाही हे महत्त्वाचं. एकाच घरात एकाच आईची दोन मुलं असतात, एक सांगितलेलं ऐकणारा आणि एक प्रत्येक गोष्टीला का विचारणारा, आणि ती आई पहिल्याशी शांत असते आणि दुसऱ्याशी चिडचिडी. ती कोणत्या कप्प्यातली? तिला कप्पा नकोय, तिला दुसऱ्या मुलाबरोबर संध्याकाळ नीट जायला हवी आहे.

मग जुळ्यांचे अभ्यास. २०१५ मध्ये पन्नास वर्षांच्या जुळ्यांच्या अभ्यासांचा एकत्र आढावा आला, २,७४८ प्रकाशनं, जुळ्यांच्या दीड कोटीच्या आसपास जोड्या, आणि सगळ्या गुणधर्मांची सरासरी आनुवंशिकता निघाली ४९ टक्के. अफाट काम आहे. पण हा आकडा बाहेर आला की पालक ऐकतात 'अर्धा मुलगा माझ्या हातात आहे आणि अर्धा नाही'. तो आकडा लोकसंख्येतल्या फरकाबद्दल आहे, एका मुलाचे असे दोन तुकडे होत नाहीत, हे वाक्य प्रत्येक प्रेसनोटमध्ये पहिल्या ओळीत यायला काय हरकत आहे? एका बाजूने सगळं तुमच्यामुळे असं ऐकायचं आणि दुसऱ्या बाजूने तुमच्यामुळे काहीच नाही असं ऐकायचं, यात पालक पार गळून जातात, मी बघते ना.

आता व्यक्तिमत्त्वाबद्दल. इथे मला शाळांच्या वतीनेही बोलायचंय कारण मी त्यातच काम करते. तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना पर्सनॅलिटी टेस्ट देऊन त्यांच्या फाईलला चार अक्षरं (एमबीटीआय टेस्टमध्ये असतो तसा स्वभावाचा 'प्रकार') नाहीतर पाच स्कोअर जोडायची फॅशन वाढत चाललीय, करिअर मार्गदर्शन म्हणून, नेतृत्व शिबिरासाठी म्हणून, कशाकशासाठी. चार अक्षरांच्या टेस्टबद्दल तर तुम्ही स्वतःच कितीदा सांगितलंय की माणसांचे असे ठोक प्रकार डेटामध्ये सापडत नाहीत, लोक मध्येच जास्त असतात, आणि काही आठवड्यांनी पुन्हा टेस्ट दिली की बऱ्याच जणांचा प्रकार बदलतो. पण कर्तव्यदक्षता, भावनिक अस्थिरता अशा पाच घटकांची, शास्त्रशुद्ध म्हणतात ती टेस्टसुद्धा या वयात काय सांगते? रॉबर्ट्स आणि डेलव्हेकियो यांनी २००० मध्ये जे गोळा केलं त्यात बालपणात स्थिरतेचा आकडा (१ म्हणजे इतरांच्या तुलनेत जागा अजिबात बदलली नाही, ० म्हणजे आधीच्याशी काहीच संबंध उरला नाही) ०.३१ च्या आसपास होता, कॉलेजच्या वयात ०.५४, तिशीत ०.६४ आणि पन्नाशीनंतर कुठे ०.७४. म्हणजे ज्या वयात आपण मुलाला त्याचा स्वभाव सांगून मोकळे होतो त्या वयात तो अजून पुष्कळ हलतोय.

आणि हलतो तोही सरळ वर जात नाही. ख्रिस्तोफर सोटो आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये दहा ते पासष्ट वयाच्या बारा लाखांहून जास्त लोकांची उत्तरं बघितली तेव्हा दिसलं की बालपणाकडून किशोरवयाकडे जाताना कर्तव्यदक्षता, म्हणजे शिस्त-चिकाटी, आणि इतरांशी जुळवून घेणं हे दोन्ही खाली घसरतं, आणि मग पुढे तारुण्यात वर चढतं. हा वेगवेगळ्या वयाच्या लोकांचा एकाच वेळचा फोटो आहे, एकाच मुलाचा प्रवास नाही, हे मी विसरले नाहीये, पण मुलांना काही वर्षं मागोवा घेऊन बघणाऱ्या अभ्यासांतही अशी घसरण दिसलेली आहे. आता विचार करा, नेमक्या त्याच घसरणीच्या वर्षांत शाळा मुलाची टेस्ट घेते, 'कर्तव्यदक्षता कमी' असा शेरा येतो, वर्गशिक्षक तो वाचतात, आईबाबा वाचतात, आणि मुलगाही वाचतो. त्या शेऱ्याच्या बाजूला कुणीतरी लिहायला हवं होतं की या वयात बहुतेकांचं असं होतं आणि पुढे सुधारतं. ते लिहिण्याइतका पुरावा तुमच्याकडे आहे. टेस्ट विकणाऱ्यांकडून ते लिहिलं जाणार नाही, तुम्हालाच आग्रह धरावा लागेल, आणि ज्यांनी त्या टेस्ट बनवल्या त्यांनी तर नक्कीच.

न्यूझीलंडमधल्या डनीडिनच्या अभ्यासाबद्दल मला मनापासून आदर आहे. १९७२-७३ मध्ये जन्मलेली १,०३७ मुलं, आणि पंचेचाळिसाव्या वर्षीसुद्धा हयात असलेल्यांपैकी ९४ टक्के लोक परत आले. एवढा जिव्हाळा राखणं सोपं नाही. २०११ मध्ये टेरी मॉफिट आणि सहकाऱ्यांनी त्यातून दाखवलं की बालपणातला आत्मसंयम जितका कमी तितकी पुढे तब्येत, पैसा आणि कायद्याची भानगड यांत जास्त अडचण. हा भाग जगभर गेला. पण त्याच पेपरमध्ये असंही होतं की ज्या मुलांचा आत्मसंयम मोठं होईपर्यंत सुधारला त्यांचं पुढे अपेक्षेपेक्षा चांगलं झालं. आणि असंही होतं की कमी संयम असलेली मुलं किशोरवयात लवकर सिगरेट, शाळा सोडणं, नको त्या वयात आईबाप होणं अशा फासांत अडकतात आणि नुकसानातला काही भाग या फासांमधून येतो. पालकाच्या कामाचं हे आहे! स्वभाव बदलायला वेळ लागेल, पण पंधराव्या वर्षी या फासापासून त्याला लांब ठेवणं या वर्षी करता येतं. मी हेच सांगते आणि चेहरा बदलताना बघते, कारण त्यांना पहिल्यांदा कुणीतरी करण्यासारखं काहीतरी सांगितलेलं असतं.

'असाच राहणार का' याला तुमच्याकडे खरंतर चांगलं उत्तर आहे. २०१७ मध्ये ब्रेंट रॉबर्ट्स आणि सहकाऱ्यांनी २०७ अभ्यास एकत्र करून दाखवलं की उपचारांनी, समुपदेशनाने व्यक्तिमत्त्वाचे घटकही बदलतात, विशेषतः भावनिक अस्थिरता कमी होते, आणि हे काही महिन्यांत दिसतं. हे बातमीत फारसं आलं नाही.

आता कुणाला विचारता याबद्दल. थॉमस आकेनबाख आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये ११९ अभ्यास तपासले. एकाच मुलाबद्दल दोघं पालक सांगतात तेव्हा त्यांचं एकमेकांशी जुळणं ०.६० च्या आसपास असतं (१ म्हणजे तंतोतंत जुळणं), पण मूल स्वतःबद्दल जे सांगतं ते आणि मोठी माणसं त्याच्याबद्दल जे सांगतात ते यांचं जुळणं फक्त ०.२२. यात कुणी खोटं बोलत नाहीये. मुलगा घरी वेगळा, वर्गात वेगळा, मित्रांत वेगळा असतो, आणि आतलं तर फक्त त्यालाच माहीत. तरीही मी आज असे पेपर वाचते ज्यात किशोरवयीन मुलाच्या भावनांबद्दल फक्त पालकाने फॉर्म भरलाय. आणि पालक म्हणजे कोण, तर बहुतेक वेळा आई. शीर्षकात 'पालक' आणि आत फक्त आया! मग बापांना वाटतं हे आपल्यासाठी नाही आणि आयांना वाटतं सगळा दोष आपला, कारण मोजलं फक्त त्यांनाच. आजीआजोबा जिथे मूल वाढवतात, जिथे काका-आत्याही एकत्र राहतात, त्या घरातलं चित्र तुमच्या फॉर्ममध्ये भरायला जागाच नसते. जेफ्री आर्नेट यांनी २००८ मध्ये लिहिलं होतं की अमेरिकन मानसशास्त्र जगाच्या ९५ टक्के लोकांकडे दुर्लक्ष करून चाललंय, २०१० मध्ये हेनरिक आणि सहकाऱ्यांनी तेच आणखी ठासून मांडलं. त्यानंतर सुधारणा झाली, पण कुटुंबाच्या बाबतीत फार हळू, आणि कुटुंबासारखी जागोजागी वेगळी गोष्ट दुसरी कुठली असेल?

कुटुंबाचं स्वास्थ्य म्हणता तेव्हा मोठ्यांनाही धरा, ही एक विनंती. २०१६ मध्ये सुनिया लुथर आणि लुसिया सिसिओला यांनी २,२०० हून जास्त आयांना विचारलं तेव्हा सगळ्यात बिकट अवस्था तान्ह्या बाळांच्या आयांची नव्हती, नुकती वयात येणारी मुलं असलेल्या आयांची होती. बाळ झालं की सगळे विचारायला येतात, मूल बारा वर्षांचं झालं की कुणी येत नाही. माझ्या खोलीत मुलाबद्दल बोलायला आलेली आई निम्म्या वेळा स्वतःबद्दल बोलून रडते आणि मग सॉरी म्हणते. तिला सॉरी म्हणावं लागू नये एवढं तरी तुमच्या अभ्यासांनी करावं.

आणि काही निष्कर्ष असे आहेत की ते नुसते सांगितले तरी घराचा ताण कमी होतो, ते तुम्ही जपून ठेवल्यासारखे ठेवलेत. स्टॅन्ली हॉल यांनी १९०४ मध्ये किशोरवय म्हणजे वादळ असं चित्र उभं केलं आणि ते अजून लोकांच्या डोक्यात आहे. पण लॉरसन आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून दाखवलं की भांडणांची संख्या किशोरवय पुढे सरकतं तशी कमी होत जाते, मधल्या वर्षांत वाढते ती भांडणाची धग. एखादा बाप म्हणतो पूर्वी रोज कटकट व्हायची तेव्हा बरं होतं, आता महिन्यातून एकदा होतं पण घर हलतं, तर त्याच्या घरात काही विचित्र चाललेलं नाही. रीड लार्सन यांनी मुलांना पेजर देऊन दिवसभरात अवचित वेळी विचारलं की आत्ता कुठे आहेस, कुणाबरोबर आहेस. पाचवी ते बारावी या काळात जागेपणीचा कुटुंबाबरोबरचा वेळ ३५ टक्क्यांवरून १४ टक्क्यांवर आला. हे ऐकून पालकांचा जीव खाली-वर होतो. पण त्याच अभ्यासात पुढे असंय की आईबरोबर किंवा बाबांबरोबर एकट्याने घालवलेला वेळ आणि बोलण्यातला वेळ तेवढा कमी झाला नाही. सगळे मिळून बसणं कमी होतं, एकाशी एक बोलणं टिकतं. केवढा धीर आहे यात, आणि किती सोपा मार्गही!

शेवटी मागण्या, जमतील तशा सांगते. तुमचे पेपर आम्हाला उघडू द्या, निदान मुलांच्या आणि कुटुंबांच्या आरोग्याबद्दलचे तरी, शाळेतल्या माणसाने एका पेपरला एवढे पैसे भरावेत ही अपेक्षा चुकीची आहे. प्रत्येक पेपरला एक पान साध्या भाषेत जोडा आणि त्यात स्पष्ट लिहा की हा निष्कर्ष माणसामाणसांतल्या फरकाबद्दल आहे की एका मुलाच्या आत काळानुसार होणाऱ्या बदलाबद्दल, आणि यावरून एका घराला काय सल्ला देता येत नाही. किती मुलांना हे लागू पडलं नाही तेही लिहा, सरासरीच्या शेजारी पसाराही दाखवा. जुना निष्कर्ष पडला तर ज्या रस्त्याने तो सल्ला बाहेर गेला होता त्याच रस्त्याने दुरुस्ती पाठवा, शिक्षकांच्या प्रशिक्षणात, पालकांच्या माहितीपत्रकांत, बालरोगतज्ज्ञांकडे. ज्यांनी तुमच्या प्रश्नावल्या भरल्या त्या मुलांना निकाल कळवा. मुलं मला विचारतात, आम्ही ते फॉर्म भरले होते त्याचं पुढे काय झालं, आणि माझ्याकडे उत्तर नसतं. अनोळखी माणसाला त्यांनी रात्री झोप लागते का, घरी भीती वाटते का, मरावंसं वाटलं होतं का हे सांगितलेलं असतं. त्यांच्या लेखी तो डेटा नव्हता.

आणि पुढच्या अभ्यासाची प्रश्नावली पक्की करायच्या आधी ती काही मुलांना आणि काही पालकांना वाचायला द्या आणि विचारा की यात काय राहिलं. 'पालक तुझ्यावर किती लक्ष ठेवतात' याच्या खाली 'तुला त्यांना कधी काही सांगावंसं वाटतं का, आणि सांगितल्यावर काय होतं' हा प्रश्न एखादी चौदा वर्षांची मुलगी तुम्हाला घालायला लावेल. त्यासाठी ओळखीची मुलं हवी असतील तर आमच्यासारख्या शाळा सगळीकडे आहेत, आम्हाला सुरुवातीपासून बोलवा, नुसती परवानगीची सही घ्यायला येऊ नका.

आपली नम्र,
एक शाळा समुपदेशक